ब्रीदरच्या नळीतला माझा बोल्ट

त्या व्हॅनच्या इंजिनात तेल नव्हतं, हे खरं आहे. ते का नव्हतं, हे मात्र मी तेव्हा सांगितलं नाही. आज सत्तरी उलटल्यावर सांगतोय.

माझं गॅरेज पेणकरपाड्यात होतं. नाखवा माझं जुनं गिऱ्हाईक. जुन्या भाईंदरच्या कोळी घरातला, पण होडीत बसला की त्याला मळमळायचं, म्हणून त्याने शाळेची व्हॅन घेतली. नाखवा, म्हणजे होडीचा मालक, हे नाव आम्हीच चेष्टेने ठेवलेलं. नवघरची मुलं तो बेव्हर्ली पार्कच्या बाजूच्या शाळेत सोडायचा. व्हॅन पेट्रोलची, पण तिला नंतर गॅसचं किट बसवलेलं. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. रोज पहिल्या फेरीआधी सीट उचलायची, खालचं गोणपाट सारायचं, तेल मोजायची पट्टी काढून तेल बघायचं, मग चपला काढून गाडीत बसायचं, ही त्याची रीत. "होडीत कोन चपला घालून चढतो व्हय?" म्हणायचा.

एका मंगळवारी तो आला. सिग्नलला उभी राहिली की गाडी बंद पडत होती. कारण मला ठाऊक होतं. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली तेलात उतरतोच. गॅरेजात त्याला बॅक कंप्रेशन म्हणतात. तो बाहेर पडावा म्हणून एक नळी असते, ब्रीदर. ती एअर फिल्टरला जोडलेली असते. इंजिन जुनं झालं की त्या वायूबरोबर तेलाची वाफही येते, आणि गॅसच्या गाडीत ती हवेत गॅस मिसळणाऱ्या मिक्सरवर चिकट थर धरते, मग गाडी बंद पडते. इलाज सरळ आहे. नळीच्या मुळाशी असलेली जाळी धुवायची, मधे तेल अडवणारी बाटली बसवायची आणि नळी परत जोडायची. अर्ध्या दिवसाचं काम.

दोष तोच आहे ना, याची आधी खात्री करावी म्हणून मी नळी फिल्टरपासून सोडवली, तिच्या तोंडात एक बोल्ट घातला, वरून क्लॅम्प आवळला, मिक्सर पुसला आणि गाडी चालू केली. मऊ चालली.

"मिस्त्री, शाळा सुटायची वेळ झाली. जाऊ?"

"जा. उद्या ये, राहिलेलं करू."

तो आला नाही, कारण गाडी छान चालत होती. मी बोलावलं नाही, कारण मी विसरलो. नळी बंद केली आहे, हे त्याला सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नवघरच्या रस्त्यावर व्हॅन जाम झाली. आत धूर भरला. नाखव्याने मुलं एकेक करून उचलून बाहेर ठेवली. मी पोहोचलो तेव्हा आईबाप जमले होते. मी सीट उचलली, पट्टी काढली. कोरडी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तेलच नाहीये," मी म्हणालो. आणि कोणी विचारलेलं नसताना पुढे म्हणालो, "बघितलंच नसणार याने."

"बच्चों की जान से खेलता है!" एक बाई ओरडली.

"मिस्त्री, मी रोज बघतो रं," नाखवा म्हणाला.

"आज बघितलंस?"

तो गांगरला. अंगभर धूर, भोवती रडणारी मुलं. "आज... बघितलं असंल."

"असंल!" गर्दीतून कोणीतरी त्याची नक्कल केली. त्याची शाळेची फेरी तिथेच संपली.

व्हॅन ओढून गॅरेजात आणल्यावर मी सीट पुन्हा उचलली आणि तो बोल्ट दिसला. वाट बंद झाल्यावर वायूने तेल मिळेल तिथून बाहेर लोटलं होतं. पट्टीच्या भोकातून ते तीन दिवस थोडं थोडं उडत असणार, पट्टीवर लक्षात न येण्याइतकं, आणि शुक्रवारी धावत्या गाडीत इंजिनाचं मागचं सील निसटून उरलेलं सगळं गेलं होतं. नाखवा बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता. मी बोल्ट काढून खिशात घातला आणि नळी जोडून टाकली.

त्यानंतर त्याने गाडी विकली. इतकी वर्षं मी एवढंच धरून चाललो होतो की माझ्यामुळे त्याचा धंदा गेला. त्याचं ओझं होतंच. पण यंदा नवघरच्या बाजारात त्याची बायको मासळी घेऊन बसलेली दिसली, आणि मी सहज विचारलं, "नाखवा काय म्हणतो?"

"काय म्हननार? नातीला स्कूटरवर शाळेत सोड म्हटलं, तर गाडीला हात लावत न्हाय. मी इसरनारा मानूस हाय, म्हनतो. त्या दिवशी सीट उचलायलाच इसरलो, हे अजून सांगत बसतो. बोंबील देऊ?"

मी बोंबील न घेता निघालो. रस्त्यावर तो 'विसरलो' असं एकदाही म्हणाला नव्हता. त्याने बघितलंच नसणार, हे मी म्हणालो होतो. माझ्या तोंडची चूक त्याला आता स्वतःची म्हणून आठवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. नाखवा हसला.

"म्हातारपनी पुन्य जोडायला आलास व्हय, मिस्त्री? आरं, मी सीट उचललीच न्हवती. डोळ्यापुढं दिसतं मना."

तो माझ्यावर विश्वासच ठेवीना. याचा मी विचारच केला नव्हता. शेवटी विचारलं, "सीटखाली तू गोणपाट अंथरायचास. त्याचं काय झालं होतं?"

"काळं झालेलं," उत्तर बायकोने दिलं. "तीनदा धुतलं तरी तेल सुटंना."

"याने न बघितल्यामुळे तेल आटलं असतं, तर गोणपाट कोरडं राहिलं असतं. ते भिजलं, म्हणजे त्या सकाळी गाडीत तेल होतं."

तिला आधी कळलं. "अगो बाय!" म्हणून ती खालीच बसली. "आन मी याला दर वेळंला इसरनारा म्हनून बोलत आले."

"म्हंजे बघितलं व्हतं मी," नाखवा पुटपुटला.

"उद्या पोरीला सोडशील?" बायकोने विचारलं. त्याने मान वर करून मला विचारलं, "मिस्त्री, त्या धुरात एखादं पोर गेलं असतं तर? तवा तरी बोलला असतास?"

"माहीत नाही," मी म्हणालो आणि उठलो.

तेही खोटं होतं. त्या दिवशी गॅरेजात मला एकाही मुलाचा चेहरा आठवला नव्हता, फक्त गॅरेजवरची पाटी दिसत होती. मी बोललो नसतो.