घोड्यांची वाट

लेंड्या अजून ओल्या होत्या. म्हणजे कळप फार पुढे गेलेला नव्हता. मी नदीच्या पात्रात उतरले. मे महिन्यात या नदीला पाणी नसते, नुसते पांढरे गोटे असतात आणि त्यांतून वर येणारी झळ. वाऱ्याला लोकरीचा आंबूस वास होता. ड्रायव्हर काशिनाथ जीप काठाकाठाने आणत होता.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. त्या सकाळी खोडाळ्याच्या बाजारात आमचा तपासणी कॅम्प होता. घाटावरून कोकणात चरायला आलेले मेंढपाळ या दिवसांत परतीला लागतात. त्यांच्यातली हिरा, आठवा महिना, डोके दुखते म्हणून आली. ब्लडप्रेशर वाढलेले होते. सिस्टरने लघवीचा नमुना घेतला आणि म्हणाली, "अर्धा तास बस, परत बघू." मात्र हिराचे बिऱ्हाड निघाले होते, ती त्याच्यामागे गेली. नंतर नमुन्यात बुडवलेल्या तपासणी-पट्टीचा रंग पाहिला, तर लघवीतून भरपूर प्रोटीन जात होते.

याला आम्ही प्रीएक्लाम्पसिया म्हणतो. गरोदरपणात रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते आणि वेळीच आवरले नाही तर आईला झटके येतात. त्यात आई जाते, मूलही जाते. हिराजवळ फोन नव्हता. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. मेंढ्या मात्र माग ठेवून जातात, म्हणून मी त्यांचा माग धरला.

दोन तासांनी एका करंजाच्या सावलीत कळप सापडला. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या. हिराचा नवरा बिरा काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"हिरा कुठे आहे?"

"हितं कशी असंल?" तो चकितच झाला. "मेंढरांमागं मी, घोड्यांमागं बायको. लगीन झाल्यापासनं दिवसा तोंड दिसंना तिचं."

काशिनाथ मागून पुटपुटला, "मॅडम, आपण दोन तास मेंढरांची ड्यूटी केली."

कळप चरत चरत वळणावळणाने जातो. बायका भांडी, कोंबड्या, लहान कोकरे घोड्यांवर लादून सरळ वाटेने पुढे जातात आणि तळ टाकतात. हे या भागातल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक होते. मी कधी विचारलेच नव्हते.

आजार सांगितल्यावर बिराचा चेहरा उतरला. "वाळू उकरली की पाणी लागंल तितं उतरतील. दोनच जागा ऱ्हायल्यात आता. वरच्या जांभळीखाली बघा. मी मेंढरं सोडून कसा येऊ?"

जांभळीखाली दोन घोडी बांधलेली दिसली, तेव्हा मी पहिला मोकळा श्वास घेतला. हिरा दगडाला टेकून, डोळे मिटून बसली होती. पैंजण सुजलेल्या घोट्यात रुतले होते. ब्लडप्रेशर एकशे सत्तर, एकशे दहा. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियमची इंजेक्शने असतात, ती तिथेच दिली. रक्तदाबाची गोळीही दिली.

तिची सासू सखूबाई वाळूतल्या खड्ड्यातून वाटीने पाणी काढत होती. मी म्हणाले, "हिला आत्ताच जव्हारला न्यायला हवं. दाखल करावं लागेल."

"आमचं बिऱ्हाड थांबत न्हाई, डॉक्टरीणबाई. पावसाआधी घाट चढायचाय. भिजली तर मेंढरं मरत्यात."

मी समजावू लागले. मग रागावले. आई, बाळ, जबाबदारी, सगळे बोलून झाले. सखूबाईने घागर भरेपर्यंत ऐकून घेतले.

"मी न्हाई म्हनले का? बिऱ्हाड थांबत न्हाई म्हनले. सून थांबंल, मी बी थांबंन." मग धाकट्या सुनेकडे वळून ओरडली, "कोंबड्या मोज, आन् बिराला सांग!" आणि माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसली.

जव्हारच्या वळणांवर मी दर दहा मिनिटांनी हिराला हाक मारत होते. ती प्रत्येक वेळी "हं" म्हणत होती. त्या "हं"इतका गोड शब्द मी त्या दिवशी दुसरा ऐकला नाही. रुग्णालयात रक्तदाब उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिझेरियन झाले. मुलगी झाली, अंगाने लहान, आवाजाने मोठी.

पाचव्या दिवशी मी त्यांना बघायला गेले, तेव्हा घाट चढलेल्या बिराचा माझ्या मोबाईलवर फोन आला. सखूबाई साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलत होती. "तुझ्यावानीच हाय. दिसभर झोपती." खाटेवर हिरा टाके धरून हसत होती.

आता कॅम्पमध्ये मेंढपाळ बाई आली की मी तिचे गाव विचारत नाही. आज घोडी कुठे उतरणार, ते विचारते. लेंड्यांवरून कळपाचे अंतर ओळखण्याची विद्याही मला आली आहे, पण तिचा रुग्णांना काही उपयोग नाही.