फासकीची तार

माझं काम तारा तोडण्याचं आहे. स्टुटगार्टजवळच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथे गाड्यांच्या हातब्रेकच्या केबल बनतात, आणि त्या यंत्रात ताणून तुटेपर्यंत ओढून बघणं माझ्याकडे असतं. तुटताना केबल काचेच्या पेटीत सणकन फटकारते. नवीन आलेले लोक दचकतात, मला मात्र तो आवाज आवडायचा. दिवसभर काहीतरी तोडायला मिळतं म्हणून मी घरी बरी वागते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

डोकं माझं फार लवकर फिरतं. झांबियाला गेले तीही रागानेच. जेवणाच्या सुट्टीत एक जर्मन सहकारी मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. तिथल्या जंगलात एका रानकुत्र्याच्या मानेत तार रुतली होती आणि गस्तीवाले ती कापून काढत होते. मी मोबाइल त्याच्या हातातून ओढूनच घेतला. ब्रेकची केबल होती ती. कुठल्या कंपनीची ते कळणं शक्य नव्हतं, पण पीळ ओळखू येत होता. सहकारी म्हणाला, त्या फासक्या काढायला बाहेरून स्वयंसेवक जातात, तोही गेला होता. त्याच संध्याकाळी मी नाव नोंदवलं.

"म्हणजे पैसे आपण भरायचे आणि वर कामही आपणच करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. साठवलेला सगळा उरलाउब, म्हणजे रजा, एकदम टाकला, फ्रीझरमध्ये पोळ्या भरून ठेवल्या आणि निघाले.

फासकी म्हणजे तारेचा सरकता फास. जनावरांच्या पायवाटेवर, मानेच्या उंचीला, तो झुडपाला बांधून ठेवतात. जनावर अडकलं की पुढे ओढतं आणि फास आवळतो. ते घाबरून आणखी ओढतं आणि फास आणखी आवळतो. लावणारा मांसासाठी लावतो, पण पुष्कळदा तो परत येतच नाही, आणि जनावर तिथेच लोंबकळत सडतं. गस्तीवाले, दोन जर्मन स्वयंसेवक आणि मी, असे आम्ही रोज सकाळी रांगेने चालत जायचो, तारा शोधायचो, कापायचो आणि गुंडाळून पोत्यात टाकायचो.

पहिल्याच आठवड्यात झेब्र्याची एक मादी सापडली. झाडाभोवती फिरून फिरून तिने जमीन उखडली होती, लाथा झाडून खोडाची साल सोलली होती. तार गळ्यात इतकी आत गेली होती की वरून कातडी मिटली होती. तरसांनी तिला मागून खाल्लं होतं. रक्त कुठवर उडालंय ते बघून गस्तीचा प्रमुख म्हणाला, खाल्लं तेव्हा ती जिवंत होती. ते मला समजेल अशा बेताने, हळू आवाजात म्हणाला. फार अदबशीर माणूस होता. रविवारी न चुकता चर्चला जायचा, आणि चहाचा पहिला कप नेहमी मला द्यायचा.

मग अर्धी सोंड तुटलेलं हत्तीचं पिल्लू पाहिलं. मग एक हरीण जिवंत सापडलं, मागचा पाय हाडापर्यंत कापलेलं. गोळी वाया घालवायची नाही म्हणून प्रमुखाने कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, त्याच्या डोक्यात घातला. एका घावात ते मेलं नाही. पाय धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ते थरथरत होतं ते माझ्या खांद्यापर्यंत पोचत होतं.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे लावणारा मला एकदा हातात मिळू दे. याच तारेने मी त्याला फोडून काढीन." बाकीचे हसले. प्रमुख हसला नाही. त्याने मान डोलावली आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मलाही आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तो मिळाला. फाटका फुटबॉलचा शर्ट घातलेला, हडकुळा माणूस, खांद्यावर तारेचं वेटोळं. पळाला, पण गस्तीवाल्यांनी त्याला पायात पाय घालून पाडलं आणि दोघांनी हात धरून पालथा दाबला. प्रमुखाने त्याच्याच वेटोळ्यातून चार हात तार कापली, दुहेरी केली आणि त्याच्या पाठीवर मारली.

तोच आवाज. माझ्या काचेच्या पेटीतला.

पहिला फटका बसला तेव्हा मला बरं वाटलं. गोड करून सांगत नाही, छातीत गार वाटलं. ती झेब्र्याची मादी माझ्या डोळ्यांसमोर होती. दुसऱ्या फटक्यालाही बरं वाटलं. मग शर्ट फाटला, शर्टाखालची कातडी फाटली, आणि मांस दिसलं ते हरणाच्या पायात दिसलं होतं तसंच दिसलं. तो ओरडत होता, त्याच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. मारणाऱ्याने एकदाही शिवी दिली नाही. लाकूड फोडावं तसा एका लयीत मारत होता.

नंतर त्यांनी त्याला उताणा केला आणि त्याचा एक पाय आडव्या ओंडक्यावर ठेवला. प्रमुखाने कुऱ्हाड उलटी धरून तुंबा गुडघ्यावर आणला. वाटी फुटल्याचा आवाज सुक्या नारळासारखा आला. तो माणूस ओरडला नाही. तोंड उघडून नुसता श्वास शोधत राहिला. माझ्याबरोबरच्या दोघा जर्मनांपैकी एक झुडपामागे जाऊन ओकला, दुसरा जीपकडे चालत गेला आणि काचा वर करून बसला.

प्रमुखाने मला समजावून सांगितलं. "पोलिसांकडे दिला तर काही दिवसांत सुटून येतो, मॅडम. गुडघे नसले की जंगलात येता येत नाही." मग त्याने गवताने तार पुसली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि माझ्यापुढे केली. "तुमची इच्छा होती. दुसऱ्या गुडघ्याआधी तुम्ही घ्या."

त्यात टोमणा नव्हता. कार्यात पाहुण्याला पहिलं पान वाढतात, तसा तो मला मान देत होता. त्याने माझं बोलणं लक्षात ठेवलं होतं.

मी तार घेतली. उजव्या हाताला वेढे देऊन घट्ट गुंडाळली आणि म्हटलं, "आता ही माझी. मी देणार नाही. आणि त्याचा दुसरा पाय कोणी धरायचा नाही." प्रमुखाला वाटलं, मला जमत नाहीये. कसं धरायचं ते दाखवायला त्याने हसतच दुसरं टोक पकडून ओढलं. मी सोडलं नाही. त्याने जोर लावला. ही तार तुटायची नाही हे मला धंद्याने ठाऊक होतं, म्हणजे तुटणार होता तो माझा हात. तार तळव्यात गेली, आणि ती हाडाला लागली ते मला दातांत कळलं.

रक्त बघून त्यांची तारांबळ उडाली. त्या माणसाच्या रक्ताने कोणी हललं नव्हतं, पण मी पैसे भरून आलेली पाहुणी होते. मला उचलून जीपकडे न्यायला लागले. मी खालीच बसले. म्हटलं, आधी त्याला गाडीत घाला, नाहीतर मी इथेच रक्त सांडत बसते. इंग्रजीत माझा राग नीट निघत नाही, त्यामुळे येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मराठीत घातल्या. त्यांना शब्द कळले नसतील, पण कुऱ्हाड खाली ठेवली गेली.

जीपमध्ये तो माझ्यासमोर आडवा पडला होता. गुडघा मडक्याएवढा सुजला होता. माझ्या हाताला गुंडाळलेल्या तारेकडे त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या बुटावर थुंकला. त्याने मला तार घेताना पाहिलं होतं, एवढंच त्याला माहीत होतं. मला त्याचा राग आला नाही.

दवाखान्यात माझ्या तळव्यातून तार कापून काढली आणि टाके घातले. तो व्हरांड्यात चटईवर पडून होता. दुसऱ्या दिवशी बघायला गेले तर घरच्यांनी त्याला हातगाडीवर घालून नेलं होतं. तारेचा एक तुकडा मी बॅगेत टाकला. का टाकला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

स्टुटगार्टला परत आले तेव्हा माझी दोन बोटं मिटत नव्हती. अजूनही मिटत नाहीत, पोळी लाटताना लाटणं सुटतं. आमच्या हाउसआर्ट्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, टाके बघून पहिला प्रश्न विचारला, सिंह का? ऑफिसात तोच प्रश्न. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "अगं, वाघाने धरलं का?" प्रत्येकाला ते एखाद्या जनावराने केलेलं हवं होतं. मी सांगायला लागले की लोक मध्येच मान हलवून विषय बदलायचे. नवऱ्याने मात्र सगळं ऐकलं, आणि महिनाभर पोळ्या स्वतः लाटल्या.

मी प्रमुखाला मेसेज करत राहिले. तो माणूस चालतो का? एवढंच विचारायचे. उत्तरादाखल अंगठा यायचा, किंवा हत्तीचा फोटो. एक गुडघा तरी वाचला ना, असं मी मनाला सांगायचे. त्या एका गुडघ्यासाठी मी हात दिला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता.

मग इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी आली. आमची कोजागिरी दुपारी असते, कारण हॉल चर्चचा आणि रात्री दहानंतर शेजारी पोलिसांना फोन करतात. मंडळाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या वहिनींनी मला माझे अनुभव सांगायला बोलावलं. "छान प्राणी दाखव गं," त्या म्हणाल्या. "रक्तबिक्त नको, मुलं असतात. आणि हात दाखव, लोकांना आवडेल."

हॉलला जाताना एस-बानमध्ये प्रमुखाचा मेसेज आला. मी तो उभ्यानेच वाचला. उतरायचं स्टेशन आलं तेव्हा उतरले, चढ चढून हॉलवर गेले, वहिनींच्या हातचं मसाला दूधही प्याले.

सिंह दाखवले, जिराफ दाखवले. वहिनींनी वगळायला सांगितलेली झेब्र्याची मादीही दाखवली. हॉल हळहळला. पहिल्या रांगेत मंडळातले सर्वांत मवाळ गृहस्थ बसले होते. डॉक्टरेट केलेले, रेशमी कुर्त्यात, घरात किडा निघाला तर कागदावर घेऊन बाहेर सोडणारे. ते उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता.

"अहो ताई, अशा माणसांना कोर्टबिर्ट काही नको. याच तारेने फोडून काढलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. माझंच वाक्य होतं ते, जवळजवळ शब्दाला शब्द. मी पर्स उघडली, तो तुकडा काढला, व्यासपीठावरून खाली उतरले आणि दोन्ही हातांवर आडवा धरून त्यांच्यापुढे केला.

"घ्या."

"अहो, म्हणजे काय मी खरंच..." ते हसले.

"घ्या ना. ही तीच."

त्यांनी घेतली. अशी वस्तू हातात आली की माणूस तिचं वजन बघतोच. त्यांनी ती तोलली, दुहेरी केली, आणि सगळे बघतायत म्हणून हवेत एकदा सपकन फिरवून दाखवली. तो आवाज हॉलभर झाला. माझी न मिटणारी बोटं मिटायला धडपडली.

"छान," मी म्हटलं. "ही पाठ झाली. नंतर त्यांनी त्याचा गुडघा फोडला, मी समोर होते. दुसऱ्या गुडघ्याच्या आधी मला हीच तार दिली होती, कारण तुम्ही आत्ता बोललात तेच मी बोलले होते." मग मोबाइल काढून एस-बानमध्ये आलेला मेसेज मराठीत वाचला. "मॅडम, तुमचा माणूस पुन्हा सापडला. काठी टेकत येऊन फासक्या लावत होता. या वेळी कोणी पाहुणे नव्हते. देव तुमचं भलं करो."

 मागे एका मुलाने आईला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं आणि तिने त्याला गप्प केलं. त्या गृहस्थांच्या हातात तार तशीच होती. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही.