शेवाळाच्या डिझेलचं कुंपण

उजनीच्या काठावरचं ते तारेचं कुंपण डोळ्यांसमोर आलं, की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्तीआधी मी जलाशयाकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शेवाळापासून डिझेल काढणार म्हणून एका कंपनीला काठालगतची सरकारी जमीन मिळाली होती. उद्घाटनाला एका पुढाऱ्याने त्या डिझेलवर म्हणे स्वतः ट्रॅक्टर चालवला, टाळ्या घेतल्या. मग कुंपण उभं राहिलं आणि मासेमारांची होड्या लावायची जागा आत गेली.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक मासेमार बाई आली. कंपनीच्या राखणदारांनी तिची होडी फोडली होती. हवालदार अदखलपात्र नोंद करून तिला वाटेला लावत होते. जाता जाता ती म्हणाली, "तेल तितंच निगतंय म्हंत्यात. मग डिझेलचा टँकर भरून आत का जातोय?"

मी तिला परत बसवून घेतलं.

आम्ही टँकर फाटकातच अडवला, पंचनामा केला, शेवाळाच्या हौदांतल्या हिरव्या पाण्याच्या काही बाटल्या प्रयोगशाळेला पाठवल्या, काही मुद्देमाल खोलीत ठेवल्या. टँकर जनरेटरसाठी आहे, असं व्यवस्थापक हसत सांगत होता. प्रयोगशाळेचा अहवाल रखडला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ते साठवावं लागतं. पिंपात शेवाळ धरलं आणि झाकण लावून ठेवलं, तर पाण्याला कसा वास मारतो, हे आमच्या घराघरांत ठाऊक आहे. ऐन उन्हाळ्यात त्या बंद खोलीतली जास्तीची बाटली मी पंचांसमक्ष उघडली. पाणी हिरवंगार, वास काहीच नाही.

ती बाटली मध्ये ठेवून व्यवस्थापकाला समोर बसवलं. हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. रंग कुठून आणला, एवढंच विचारलं. शेवटी तो बोलला, "साहेब, तेल कुणाला पाहिजे होतं? काठ पाहिजे होता." मग त्याने पुढाऱ्याचं नाव सांगितलं.

वरून फोन आला. दोषारोपपत्रात ते नाव राहिलं नाही. मी लेखी विरोध नोंदवला, त्याची पोच तेवढी मिळाली.

पुढे एका प्राध्यापिकेने मला शेवाळातून खरंच निघालेलं तेल दाखवलं. काचेच्या नळीच्या तळाशी थेंबभर होतं, पण खरं होतं. तिच्या इतक्या वर्षांच्या कष्टांच्या नावावर या नालायकांनी काठ गिळला, याचा मला भयंकर संताप आला. विकासाची नवी पाटी दिसली की मी आता आधी एवढंच बघतो, तिच्यामागे कुणाची वाट बंद झाली.

निकालाच्या दिवशी ती मासेमार बाई कोर्टाबाहेर भेटली. व्यवस्थापकाला शिक्षा झाली, असं मी तिला सांगितलं.

"मग कुंपण कवा काडनार, साहेब?"

कुंपण अजून तिथेच आहे. आत हॉटेल झालंय. फाटकावर पाटी आहे, ताजे मासे मिळतील.