हवालदारकाका आणि गरम केबिन

हवालदारकाकांइतका भित्रा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही. फौजेत आयुष्यभर ट्रकच्या पोटात हात घालून काढलेला हा माणूस, पण चालू गाडीत बसायचं म्हटलं की आधी दार उघडून डोकं आत घालणार, दोन-तीनदा हुंगणार आणि मगच पाय वर ठेवणार. बसल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली करणं. बाहेर जानेवारीचं धुकं असो नाहीतर हात बधिर करणारा वारा, दोन बोटं म्हणजे दोन बोटं. मी चिडवायची, "काका, वास आला का काही?" तर म्हणायचे, "वास येतो त्याचं भ्या न्हाई पोरी. ज्याला वासच न्हाई, त्याचं काय करशील?"

मी जनावरांची डॉक्टर. जयपूरबाहेर, जगतपुऱ्याच्या पलीकडच्या गावांत शेळ्या-मेंढ्यांना लसी टोचत फिरते. तिकडे वाटेत वाळू लागते आणि साधी गाडी रुतून बसते, म्हणून मी लिलावात निघालेला फौजेचा जुना ट्रक घेतला. ट्रक वाळूत हत्तीसारखा चालायचा, पण हिवाळ्यात त्याच्यात बसवत नसे. मागे लसींसाठी बर्फाची पेटी होती आणि थंडी मात्र पुढे जास्त. माझे बाबा बँकेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. त्यांनी प्रताप नगरमधून हवालदारकाकांना शोधून आणलं. काका मूळचे साताऱ्याकडचे, शेवटची बदली जयपूरला झाली आणि बायकोला इथली कोरडी हवा मानवली म्हणून राहिले. बायको पुढे गेली, काका राहिले.

"ऊब आणायची सोप्पी हाय," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आधी गारठा तर बाहेर काढू." मग आठवडाभर त्यांनी गरम करण्याचं नावच काढलं नाही. नुसती भोकं बुजवली. पायाखालच्या पेडलांच्या भोवतीची, गिअरच्या दांड्याखालची, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायरी येतात तिथली. टोंकचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड गालिचा, आणून त्याचे तुकडे कापून शिवल्यासारखे बसवले. मग रेडिएटरपुढे अर्धा पुठ्ठा लावला, म्हणजे इंजिनाचं पाणी लवकर तापावं. मग भंगारातल्या एका मोटारीचा हीटर आणून दोन रबरी नळ्यांनी ते पाणी त्यात फिरवलं आणि मागे पंखा बसवला. एवढं सगळं झाल्यावर, शेवटच्या दिवशी, त्यांनी समोरच्या पत्र्यात वरच्या अंगाला मुठीएवढं नवीन भोक पाडलं आणि तिथून बाहेरची हवा पंख्यापर्यंत नळीने आणून सोडली.

मी कपाळावर हात मारला. "अहो काका, एवढी भोकं बुजवली ती हे पाडायला?"

"ऱ्हाऊ दे ते. हुकूम हाय," ते म्हणाले आणि हात पुसायला गेले. हुकूम कुणाचा, कशासाठी, हे फौजेतली माणसं सांगत नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे सतराचा पाढा. गाडी चालू झाली की दर थोड्या वेळाने शेजारून हुकूम यायचा, "डॉक्टरीणबाई, पाढा." आणि तोही मराठीत. मी इथल्या शाळेत शिकलेली, पाढे हिंदीत पाठ. सत्रह एकम सत्रह म्हणताना जीभ घसरत जाते, डोक्याला काही कामच नसतं. काकांना नेमकं तेच नको होतं. "हिंदीतला तुझं तोंड म्हणतंय. मराठीतला म्हणताना डोकं जागं लागतंय. मला तुझं डोकं जागं हाय का बघायचंय," ते म्हणायचे. मी सतरा चोक अडुसष्टला अडखळले की ते गाडी थांबवायला लावत, खाली उतरवत आणि दोन मिनिटं धुक्यात उभं करत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला एकटेपणाने चळ लागलाय.

ती सकाळ मी विसरायचा खूप प्रयत्न केला आहे. ट्रकमध्ये ऊब होती, पण बाहेरची हवा येत असल्यामुळे ती कोमटच लागायची. आदल्या दिवशी मी एक शहाणपण केलं. माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापली, गोळा केला आणि काकांच्या त्या भोकात दाबून बसवला. काकांना सांगितलं नाही. सकाळी केबिन अशी तापली की मी शाल काढून ठेवली. काकांना खोकला होता, म्हणून मी डॉक्टरकी दाखवत त्यांची काचही लावायला लावली.

"आज लई ऊब हाय," ते म्हणाले. जरा खूशच दिसले.

"तुमचीच करामत," मी म्हटलं.

जगतपुऱ्याच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. धुक्यात पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नव्हते. इंजिन चालू ठेवून आम्ही किती वेळ थांबलो, मला आठवत नाही. डोकं जड झालं होतं, पण बरं वाटत होतं, रजई ओढून पडल्यासारखं. शेजारून आवाज आला, "पाढा." मी घडाघडा म्हटला. सत्रह सत्ते एक सौ उन्नीस.

"मराठीत."

सतरा एके सतरा. सतरा दुणे. मला पुढचं येईना. मला त्याचं हसू आलं. मी हसत काकांकडे पाहिलं, तर ते स्वतः पुटपुटत होते, "सतरा सक... सतरा सक..." आणि त्यांनाही पुढचं येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतके घाबरलेले डोळे मी माणसात पाहिले नव्हते. खाटकाच्या दारात बांधलेल्या जनावरात पाहिले होते.

मग त्यांनी माझ्या अंगावरून हात टाकून इंजिन बंद करायचा खटका ओढला. लाथ मारून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने मला दंडाला धरून खेचत खाली रस्त्यावर पाडलं. मी गुडघ्यांवर ओकत होते. मागचे हॉर्न वाजवत होते. एक भैया उतरून आला आणि "पानी लाऊँ क्या, बहनजी?" असं विचारत राहिला. मला त्याला हो म्हणता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने काका उठले, दोन्ही दारं सताड उघडी ठेवून आत वाकले आणि तो लोकरीचा गोळा घेऊन आले. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ते रस्त्याच्या कडेला माझ्याजवळ बसले. गोळा हातात धरलेला.

"बाहेरची वाट बंद केलीस, तर पंखा इंजिनाकडनं हवा वढणार," ते म्हणाले. "धुराच्या नळाला कुठंतरी चीर गेली असणार. बिनवासाचा धूर त्यो, नमद्यानं काय अडतोय." मग म्हणाले, "चूक माझी हाय. भोक कशाला पाडलंय ते मी तुला सांगायला पायजे होतं."

आणि त्यांनी सांगितलं. बर्फातल्या एका पोस्टिंगवर त्यांचा एक जोडीदार होता, ड्रायव्हर. त्याला थंडी सोसवेना, म्हणून काकांनी सायलेन्सरभोवती पत्रा गुंडाळून तिथली गरम हवा त्याच्या केबिनमध्ये सोडली. सगळी भोकं बुजवली. जोडीदार खूश. सगळ्यांना सांगत सुटला, माझी गाडी बघा, घरच्यासारखी ऊब. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू होतं आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता.

"गाल लालभडक. वाटलं झोपलाय," काका म्हणाले. "चांगलं काम केलं म्हणून साहेबानं पाठ थोपटली हुती माझी, दोनच दिवस आधी."

त्यानंतर त्यांनी कुणाचीही केबिन गरम केली नव्हती. माझी पहिली. का केली, असं मी विचारलं तर म्हणाले, "तू सकाळी कुडकुडत होतीस. बघवंना."

चीर त्यांनी जोडून घेतली, भोकाला जाळी ठोकली, म्हणजे कुणाची अक्कल त्यात शिरणार नाही. विषारी वायू आला की किंचाळणारं एक यंत्रही मी आणून लावलं. काकांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. पाढा म्हण." मी म्हणत राहिले. आता मला त्याचा कंटाळा येत नव्हता. फाटकापाशी आलं की मी न सांगता सुरू करायची.

गेल्या जानेवारीत काका अंथरुणाला खिळले. छाती भरली होती. इस्पितळात नको म्हणाले, म्हणून प्रताप नगरच्या त्यांच्या खोलीतच होते. खिडक्या घट्ट लावलेल्या, कोपऱ्यात विजेची शेगडी. मी रोज जाऊन बसायची. एका दुपारी ते अर्धवट ग्लानीत होते. मी थट्टेने म्हटलं, "काका, पाढा."

ते डोळे मिटूनच म्हणू लागले. हळूहळू, पण बरोबर. सतरा सक एकशे दोन. सतरा साते.

थांबले. पुन्हा म्हणाले, सतरा साते. डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, त्या फाटकापाशी पाहिलं होतं तसंच. इथे ओढायला खटका नव्हता आणि कुणाला दंडाला धरून बाहेर काढता येत नव्हतं.

"एकशे एकोणीस," मी म्हटलं. मराठीत. आणि उठून खिडकी दोन बोटं उघडली.