वाकलेलं हँडल सरळ करायचं नाही

नरसीच्या बाजारातून परत येताना रोही, म्हणजे नीलगायीचा नर, आडवा आला आणि मी गाडीसकट रस्त्याकडेच्या नालीत गेले. गुडघा सोलला, कपड्यांच्या गठ्ठ्याला चिखल लागला आणि मोटारसायकलचं हँडल डावीकडून असं वाकलं, की चाक सरळ धरलं तरी माझे हात शेताकडे जात होते. लोक जमले. रोह्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. "बाईमाणसाच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार," एवढंच सगळ्यांना सुचलं. म्हणजे गाडी कोण चालवून राहिलंय ते आधी बघून मगच रोही आडवा येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी माझ्या नवऱ्याची. ते टेम्पोवर ड्रायव्हर होते. मग त्यांना फिट यायला लागल्या आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली. टेम्पो सुटला, मोटारसायकल दारात धूळ खात उभी राहिली. मी घरी परकर आणि लेकरांची झबली शिवते. पुसेगाव, नरसी, सेनगाव, जिथं बाजार असेल तिथं ती नेऊन विकली तरच आमचं घर चालतं. गठ्ठा घेऊन एसटीची वाट पाहत बसलं की पोहोचेपर्यंत अर्धा बाजार उठायचा. शेवटी मीच नवऱ्याला म्हणाले, मला शिकवा. त्यांनी शिकवलं. तेव्हापासून मी पुढं आणि ते मागं गठ्ठा धरून. पडले त्या दिवशी ते तापानं घरी होते. आम्हाला असं गाडीवर बघून सुरुवातीला गाव पोट धरून हसलं, मग हसून हसून कंटाळलं.

थोरले दीर मात्र कंटाळले नव्हते. मी पडले त्याच संध्याकाळी आले आणि बाजेवर टेकले. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या नवऱ्यानं त्यांना उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"वेल्डिंगवाल्याकडून हँडल सरळ करून घेतो, आन् गाडी इकून टाकू," ते म्हणाले. "कुरुंद्याचे माझे साडू गाडी शोधून राहिले. हळदीच्या शेतात जायला पायजे त्यायला. तुला काही झालं म्हंजी लेकरायनं कुणाकडं बघावं?"

"सरळ केलेलं हँडल टिकतं का, दादा?" मी विचारलं.

"लोखंडाला काय होतंय? तापवायचं, पाइप घालून वढायचं. समदे तसंच करतेत. काय होत न्हाई."

मला राग यायला फार वेळ लागत नाही.

"असं व्हय! लोखंडाला काय होत न्हाई, आन् बाईला तेवढं कायबी होतं!" मी म्हणाले. "वाकलेलं लोखंड तापवून वढलं की त्याच्यात दम ऱ्हात न्हाई. खड्ड्यात हातात तुटून आलं म्हंजी? मला नको तसलं हँडल, आन् साडूलाबी नको. नवं टाकायचं. गाडी इकायची न्हाई."

दिरांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा पत्र्याकडं पाहत होता. "पुढच्या बाजाराच्या दिवशी साडूला घेऊन येतो," म्हणत दीर उठले. मी जे बोलले ते त्यांच्या लेखी बोललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वाकलेलं हँडल खोललं. कुठली वायर कुठून जाते याचे मी आधी मोबाइलवर फोटो काढले, नवरा हसत नको म्हणत असतानाही. ते म्हणाले, ड्रायव्हर माणसाला फोटो लागत नाहीत. मी म्हणाले, शिवणाऱ्या बाईला उसवण्याआधी टाके बघून ठेवायची सवय असते.

हँडल पिशवीत घालून मी हिंगोलीला गेले. दुकानदार म्हणाला, "भाभी, भैया को भेज देते. साइज में गलती हो जाती है."

"भैया नहीं आए, हँडल आया है," मी म्हणाले आणि ते काउंटरवर ठेवलं. नव्याची जाडी, उंची, रुंदी जुन्याशी लावून पाहिली. बटणांच्या डबीची खुंटी बसते ते भोकसुद्धा जागच्या जागी आहे ना, ते बघितलं. माझ्यामागं माणसं खोळंबली होती. खोळंबू दिली.

घरी गाडी डबल स्टँडवर घेतली, टाकीला ओरखडे पडू नयेत म्हणून वर जुनी गोधडी टाकली आणि नवं हँडल क्लॅम्पमध्ये बसवलं. चारही बोल्ट नवरा थोडे थोडे, आलटून पालटून आवळत होता. एकच बोल्ट एकदम पिळला तर क्लॅम्प एका अंगाला दाबतो, हँडल घट्ट बसत नाही. मग बटणं, ब्रेक, क्लच, एक्सिलेटरची मूठ. मूठ पिळून सोडली की झटकन मागं यायला हवी, ती आली. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली. नवऱ्यानं हात पुसले.

"जमलं बराबर. काय होत न्हाई, घे फिरवून."

त्यांच्या तोंडून दिरांचेच ते तीन शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. मी बसलेच नाही. गाडी स्टँडवरच ठेवून हँडल उजवीकडं शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. डावीकडं फिरवलं, तर मुठीला कुणाचा हात नसताना इंजिन ओरडायला लागलं.

नवऱ्यानं चावी काढली. वळणावर गाडी अशी आपणहून उधळली असती तर मी कुठं गेले असते, हे सांगायची गरज नव्हती.

"तोंडात बसलंय माझ्या ते 'काय होत न्हाई'," ते म्हणाले.

मी मोबाइल पुढं केला. फोटोत एक्सिलेटरची केबल गाडीच्या मानेच्या, म्हणजे हँडलखालच्या दांड्याच्या, मागून जात होती. आम्ही ती पुढून घेतली होती, म्हणून डावीकडं वळताच ओढली जात होती. त्यांनी पुन्हा सगळं खोललं. पुन्हा बसवलं, पुन्हा सुरू केलं. डावीकडं, उजवीकडं, आवाज एकसारखा. गाडी बंद करून मग पुढचा ब्रेक लागतो का, क्लच पूर्ण सुटतो का, तेही पाहिलं.

"आता बस," ते म्हणाले. "हात ठेव. बोटं सरळ कर."

ब्रेक-क्लचचे लिव्हर माझ्या बोटांच्या वर राहत होते. मनगट मागं मोडल्याशिवाय क्लच हातात येत नव्हता. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही, कारण पहिल्यापासून तसंच होतं. सगळं त्यांच्या लांब हातांच्या मापानं बसवलेलं होतं. संध्याकाळी मनगट ठणकायचं ते मी शिलाई मशीनच्या खाती घालत आले होते. त्यांनी बोल्ट सैल केले, हँडल माझ्याकडं जरासं झुकवलं, लिव्हर खाली घेतले आणि पुन्हा आवळलं.

"आता?"

बोटं सरळ लिव्हरवर पडली. मला रडू आलं आणि रागही आला. दुसऱ्यांच्या लेकराबाळांना मापं घेऊन कपडे शिवणारी मी, स्वतः इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापात बसले होते. "आता बराबर," मी म्हणाले.

बाजाराच्या दिवशी सकाळी दीर साडूला घेऊन आलेच. साडू गाडीवर बसले, हात ठेवले, कुरकुरले. "लिव्हर लई खाली हायत. वर घ्या जरा."

"वर न्हाई घ्यायचे," माझा नवरा म्हणाला. "तिच्या हाताच्या मापानं बसवलेत. गाडी इकायची न्हाई, दादा."

 दीर माझ्याकडं वळले. "आन् पुन्हा पडलीस तर?"

"पडीन की," मी म्हणाले. "तुमी पोळ्याला गाडीवरून पडला व्हता, दादा. महिनाभर हात गळ्यात घेऊन फिरलात. तुमची गाडी कुणी इकली व्हय?"

साडूंना हसू आवरेना. साडू गाडीवरून उतरले, नवऱ्यानं गठ्ठा उचलला आणि मी किक मारली.