आचाऱ्याच्या घरचं ताट

गोठ्यात सगळे त्याला आचारी म्हणायचे. चेष्टेत पडलेलं नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव आठवायला आता मालकालाही डोकं खाजवावं लागे. पण नाव काही चुकीचं नव्हतं. गोठाभर तोंडांचं जेवण तोच करत होता, आणि जेवणाऱ्यांपैकी कुणी आजवर मीठ कमी पडल्याची तक्रार केली नव्हती.

पंगती मात्र नाना तऱ्हेच्या. नुकत्या जन्मलेल्या पारडाला, ते उभं राहायची धडपड करत असतानाच, चीक पाजायचा. जरा मोठ्या वासरांना दुधासोबत कोवळा चारा आणि मूठभर भरडा. वाढत्या कालवडींना चारा पोटभर, पण पेंड हात आखडून, नाहीतर नुसती चरबी चढते आणि गाभण राहायची पंचाईत होते. दुभत्या गाई-म्हशींना दुधाच्या मापानं खुराक. आटलेल्यांना साधी वैरण, आणि व्यायची वेळ जवळ आली की खुराक पुन्हा हळूहळू वाढवत न्यायचा. एका फटक्यात बदल केला की जनावर तोंड फिरवतं, हे तो नव्या गड्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा.

म्हाताऱ्यांची रांग तेवढी गोठ्यात नव्हती. दूध कायमचं आटलं की मालक गाडी बोलवायचा. त्यामुळे म्हातारपणी काय खाऊ घालायचं, ही विद्या आचाऱ्याला कुणी शिकवलीच नव्हती. आणि नेमकी तीच आता घरी लागत होती.

आई एकटी राहायची. पाय घसरून पडली, तेव्हा त्यानं तिला आपल्याकडे आणलं. आल्यापासून तिचं जेवणच सुटलं होतं. बायको कपडे धुण्याच्या कारखान्यात दुपारपासून कामाला जायची. निघताना भात मऊ शिजवून, ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी तो परतला की ताट तसंच. दोन घास कमी झाले असले तर झाले. त्यानं दूध आणलं, फळं आणली, रागावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. आई म्हणायची, “नको रे, भूकच नाही. तू जेवलास?”

“हो, तिकडेच झालं माझं,” तो सांगायचा. खोटं नव्हतंच ते. बायकोच्या डोक्याला ताप नको म्हणून तो गोठ्यातच गड्यांबरोबर उरकून यायचा. घरी आल्यावर त्याला फक्त अंग टाकायचं असायचं. पाठ बोलत असायची, हातांना पेंडीचा वास असायचा आणि डोळे उघडे ठेवणंही जिवावर यायचं.

डॉक्टरांनी काल तिला तपासलं आणि त्याला बाहेर बोलावलं. “चार दिवसांत खायला लागल्या नाहीत तर भरती करा. नाकातून नळी घालावी लागेल.” आचारी मान हलवून घरी आला. नळीचं त्यानं आईला सांगितलं नाही. त्याला स्वतःलाच ते ऐकवेना.

आज गोठ्यात वेगळाच घोळ. नुकतीच विकत घेतलेली म्हैस धार देईना. पारडू वासरांच्या खोलीत बांधलेलं, मालकाचा हुकूमच तसा. धार काढणारा मिशीवाला दोन लाथा खाऊन वैतागला होता. आचाऱ्यानं उत्तमातला उत्तम खुराक कालवून पुढे ठेवला. म्हशीनं वासही घेतला नाही.

“अरे, पारडू आण आधी,” मिशीवाला ओरडला. “मालकाला सांगू काहीतरी.”

आचाऱ्यानं पारडू उचलून आणलं. म्हशीनं त्याला हुंगलं, चाटलं. पारडानं सडाला तोंड लावून दोन ढुशा दिल्या आणि म्हशीला पान्हा फुटला. मग आपसूक तिनं गव्हाणीत तोंड घातलं.

हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. पण आज तो इतका दमला होता, की पालथ्या बादलीवर बसून बघतच राहिला. आईचं रोजचं ते विचारणं त्याला आठवलं. सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय ती कधी जेवायला बसली होती? आणि आपण तिला आणलं, खोलीत बसवलं, झाकलेलं ताट पुढे सरकवलं, वर रोज सांगितलं की माझं झालंय. म्हशीला जे कळतं ते आपल्याला कळू नये, म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली. गडी जेवायला बसले तेव्हा तो उठून घरी निघाला.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई, भूक लागलीय.”

ती वळली. “तिकडे जेवला नाहीस?”

“नाही. आणि ती कामावर आहे. वाढायला कुणी नाही.”

तिनं पांघरूण बाजूला सारलं. मग भिंतीला धरून उठली. तो हात द्यायला पुढे झाला, तसा तिनं तो झटकला. “आधी धू ते हात. घरभर गोठा घेऊन आलाय!”

तिनं त्याला वाढलं. भात ताटाबाहेरही सांडला. केस पिकलेला तिचा लेक खाली मान घालून जेवू लागला. ती समोर बसून बघत होती.

“तूही घे ना. एकट्याला घास जात नाही मला.”

“लहानपणापासून हीच खोड तुझी,” असं म्हणत तिनं स्वतःला थोडा भात घेतला. एक घास खाल्ला. त्याचं ताट रिकामं होताना पाहून आणखी एक खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्यानं मान आणखी खाली घातली.

“आणखी हवाय?” तिनं विचारलं.

त्याचं पोट केव्हाच भरलं होतं आणि डोळे मिटत होते. पण तिच्या ताटात अजून भात होता.

“वाढ,” तो म्हणाला.