पाय नसलेला फोटो

नागपूरच्या महाल भागातल्या मामाच्या स्टुडिओत एकच कायदा होता: माणूस मधोमध, सरळ उभा, डोक्यापासून चपलेपर्यंत. पाय कापले की गिऱ्हाईक म्हणे, अर्धाच माणूस काढला. मला हा कायदा पटत नव्हता आणि मी तसं तोंडावर बोलायची. म्हणून पाच वर्षं आतल्या खोलीत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण झाकत बसले. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

एक दिवस डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, मले फोटो काढू दे, नाही तर मी चालली."

मामा हसला. "शोकेसमध्ये लावण्यासारखा एक फोटो आन. नाही जमला तर पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही."

कॅमेरा घेऊन एसटीनं उमरेडला घरी गेले. बाबा विणकर. फोटो म्हटल्यावर कोट घालून, मनगटावरचं घड्याळ दिसेल असे अंगणात उभे राहिले. मी म्हटलं, कोट काढा, मागावर बसा. जाम चिडले. "काहून वं? कामाच्या कपड्यात कोनी फोटो काढते काय?" पण बसले. आमचा माग खड्ड्यातला. विणणारा कमरेपर्यंत जमिनीत, पाय खाली पावड्या दाबत. मी एक पाऊल पुढे गेले, मग आणखी एक. चौकटीतून कंदील गेला, भिंत गेली. बाबांना एका बाजूला घेतलं, उरलेल्या जागेत नुसते ताणलेले धागे, खिडकीच्या उजेडात. आडवा धागा नेणारा धोटा हातातून सुटताना बटण दाबलं.

मामानं फोटो पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला. "मधोमध नाही. पाय नाहीत. जा, पेन्सिल घे."

नाही घेतली. रडू येत होतं, पण रोज स्टुडिओत येऊन हाताची घडी घालून बसले. मामा ओरडला, मामी रुसली. मी ढिम्म.

आठवड्यानं बाबा सूत घ्यायला नागपूरला आले. मामानंच फोटो त्यांच्यापुढे सरकवला. "पाहा भाऊजी, पोरीनं तुमचे पायच कापले."

बाबांनी फोटो उजेडाकडे धरला. "पाय खाली काम करून राहिले ना गा," ते म्हणाले. "ते थांबले असते, तर हात असे चालले असते काय?"

मामानं फोटो पुन्हा उचलून पाहिला आणि या वेळी सुलटा ठेवला. मी शोकेसमधून कोटवाल्या नवरदेवाचा फोटो उतरवला, तिथं बाबांना लावलं. मग कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिले आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.